जुना संगणक एका फाइलीत: व्हर्च्युअलबॉक्सचे परीक्षण

महाराष्ट्रातल्या कित्येक छापखान्यांत, छोट्या प्रकाशनसंस्थांत आणि दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत एक जुना संगणक निव्वळ एका कारणासाठी जपून ठेवलेला असतो. त्याच्यावर विंडोज एक्सपी असते, एक्सपीवर पाने लावण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर असते, आणि पेजमेकरच्या फायलींमध्ये युनिकोड ही सर्व भाषांच्या अक्षरांची सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टांत लावलेली शेकडो पाने असतात. एखाद्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हटली, की तो संगणक सुरू होतो की नाही इथपासून धाकधूक असते. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम डिस्क-इमेज फाइलीतून चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरचे हे परीक्षण मी मुख्यतः तो संगणक डोळ्यांपुढे ठेवून करीत आहे. या कामासाठी व्हर्च्युअलबॉक्स उत्तम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचे सारे मोल त्याच्या डिस्क-फाइलीत आहे, आणि ती फाइल नीट समजून न घेता वापर सुरू केला, तर जुन्या संगणकाची जी भीती होती तीच नव्या रूपात पुढे उभी राहते.

जुने सॉफ्टवेअर थेट नव्या विंडोजवर का चालवू नये, ही शंका रास्त आहे आणि काही वेळा ते चालतेही. अडचणी पुढे येतात. त्या काळातले अनेक प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट असले, तरी त्यांना संगणकावर चढवणारा सेटअप १६-बिट असे, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम मुळीच चालवत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिट स्वरूपातच मिळते. डोंगलचे, म्हणजे सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावून ठेवाव्या लागणाऱ्या किल्लीवजा उपकरणाचे, जुने ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये चढत नाहीत. शिवाय त्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असत, आणि ही मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असे. त्यामुळे फाइल उघडणे एवढ्याने भागत नाही. तोच फॉन्ट, तोच कीबोर्ड-ड्रायव्हर आणि तेच पेजमेकर एकत्र असेल, तेव्हाच पान जसे लावले होते तसे दिसते. हा सगळा संच जसाच्या तसा टिकवायचा, तर त्याच्या खालची विंडोजही तीच ठेवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

व्हर्च्युअलबॉक्स नेमके हेच करते. आपल्या रोजच्या संगणकावरची सिस्टिम यजमान आणि तिच्यात चालणारी दुसरी सिस्टिम पाहुणी, असे धरले, तर पाहुण्या सिस्टिमला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड आणि हार्डडिस्क असलेला एक पूर्ण संगणक मिळाल्यासारखा भासतो. यातली हार्डडिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक साधी फाइल असते. पाहुणी विंडोज तिच्यात सी ड्राइव्ह तयार करते, तो फॉरमॅट करते, त्यावर फायली लिहिते आणि पुसते. बाहेरून मात्र ‘व्हीडीआय’ अशी ओळख लावलेली एकच फाइल दिसते. जर्मनीतल्या इनोटेक या कंपनीने हे सॉफ्टवेअर २००७ च्या जानेवारीत खुल्या स्वरूपात उपलब्ध केले, २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेल्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सही तिकडे गेले. एवढी हस्तांतरे होऊनही मूळ पॅकेजचा स्रोत खुला राहिला. आज जी फाइल आपण विश्वासाने साठवणार आहोत, ती उद्याही उघडता आली पाहिजे, या दृष्टीने मला ही बाब फार महत्त्वाची वाटते.

एक्सपीसाठी नवे मशीन तयार करणे अवघड नाही, परंतु दोनतीन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. पहिल्या खिडकीत मशीनचे नाव, ते कुठे ठेवायचे तो फोल्डर आणि विंडोजच्या मूळ सीडीवरून बनवलेली आयएसओ फाइल विचारली जाते. ७.० पासूनच्या आवृत्त्या आयएसओ मिळताच विंडोज आपल्या आपण चढवण्याची तयारी दाखवतात. ती सोय बंद करावी आणि उत्पादन-क्रमांक, भाषा, प्रांत हे सर्व जुन्या पद्धतीने स्वतःच भरावे, कारण मराठी कामासाठी भारतीय भाषांचा आधार त्याच वेळी निवडता येतो. सिस्टिमचा प्रकार ‘विंडोज एक्सपी, ३२-बिट’ असा सांगितला, की व्हर्च्युअलबॉक्स डिस्कसाठी जुन्या पद्धतीचा आयडीई कंट्रोलर स्वतःहून निवडते. हा तपशील बारीक असला तरी निर्णायक आहे, कारण एक्सपीच्या मूळ सीडीत साटा या नव्या जोडणीच्या डिस्कचे ड्रायव्हर नसतात आणि साटा निवडल्यास सेटअपला हार्डडिस्क सापडतच नाही. रॅम एक जीबी आणि डिस्क चाळीस जीबी दिली, तर पेजमेकर, कोरलड्रॉ आणि फॉन्टांचा सगळा संग्रह आरामात मावतो.

विंडोज चढल्यावर सुरुवातीला सगळे अवघडल्यासारखे वाटते. पडदा लहान असतो, रंग कमी असतात, आणि माउसने आत एकदा क्लिक केले की बाण त्या खिडकीतच अडकतो. उजवीकडची कंट्रोल कळ दाबली की तो सुटतो. हे पाहून पुष्कळ जण इथेच नाद सोडतात. त्यांनी थोडा धीर धरून ‘डिव्हायसेस’ या मेनूतून ‘गेस्ट ॲडिशन्स’ची सीडी आत लावावी आणि तिच्यावरचा सेटअप चालवावा. त्यानंतर खिडकी मोठी केली की आतला पडदाही मोठा होतो, माउस आत-बाहेर मोकळा फिरतो आणि दोन्ही सिस्टिमांमध्ये सामाईक फोल्डर ठेवता येतो.

या सामाईक फोल्डरवरच मी सर्वाधिक भर देईन. एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. अशी सिस्टिम इंटरनेटला जोडलेली ठेवणे धोक्याचे आहे आणि पाने लावण्यासाठी तशी गरजही नसते. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क कार्डावरची खूण काढून टाकावी. सामाईक फोल्डरची देवाणघेवाण नेटवर्क कार्डातून होत नाही, तर गेस्ट ॲडिशन्सच्या स्वतंत्र वाटेने होते. त्यामुळे कार्ड काढले तरी फायली आत-बाहेर नेता येतात. फोल्डर केवळ वाचनासाठी देण्याचीही सोय आहे. मी दोन फोल्डर ठेवण्याची शिफारस करतो: जुन्या मूळ फायलींचा एक, ज्याच्यात आतल्या सिस्टिमला काहीही लिहिता येणार नाही, आणि तयार झालेल्या पीडीएफ बाहेर काढण्यासाठी दुसरा.

टंकनाच्या बाबतीत व्हर्च्युअलबॉक्सची वागणूक मराठी माणसाच्या सोयीची आहे. कोणती कळ दाबली एवढेच ते आत कळवते, त्या कळीचे कोणते अक्षर करायचे ते आतली सिस्टिम ठरवते. त्यामुळे बाहेर इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक आणि आत जुन्या टाइपरायटरच्या धर्तीचा कीबोर्ड असा मेळ सहज जमतो, आणि संगणकावर पाने लावणाऱ्या ज्या डीटीपी ऑपरेटरची बोटे त्या कळफलकावर बसलेली आहेत त्याला काहीही नवे शिकावे लागत नाही. क्लिपबोर्ड सामाईक केल्यास मजकूरही इकडून तिकडे जातो. युनिकोड मजकूर बाहेर मराठीच दिसतो. जुन्या फॉन्टातला परिच्छेद मात्र बाहेर चिकटवला की रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची रांग उमटते. हा दोष व्हर्च्युअलबॉक्सचा मानू नये, कारण फाइलीत मुळात तेच साठवलेले असते. युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्या त्या फॉन्टाचा परिवर्तक वापरावा लागतो आणि नंतर प्रुफे तपासावीच लागतात, विशेषतः रफार, ऱ्हस्व इकार आणि अर्ध्या अक्षरांच्या जागा.

डोंगलची गोष्ट थोडी वेगळी आहे. यूएसबीत बसणारे डोंगल मशीनच्या सेटिंगमधल्या यूएसबी-यादीत नोंदवले, की मशीन सुरू होताच ते यजमानाकडून काढून पाहुण्या सिस्टिमच्या हाती दिले जाते. यजमान लिनक्स असेल, तर वापरकर्त्याला आधी ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात घालावे लागते; ते न केल्यास यादी रिकामीच दिसते. प्रिंटरच्या जुन्या समांतर पोर्टात बसणाऱ्या डोंगलचा मात्र भरवसा धरू नये. ज्यांचे डोंगल तसले आहे त्यांनी जुना संगणक धडधाकट आहे तोवरच तिथून सगळ्या पानांच्या पीडीएफ काढून ठेवाव्यात.

आता डिस्क-फाइलीकडे वळतो. फाइल दोन प्रकारे बनवता येते. स्थिर प्रकारात चाळीस जीबी सांगितले की तेवढी जागा तिथल्या तिथे अडवली जाते. वाढत्या प्रकारात चाळीस जीबी ही फक्त कमाल मर्यादा असते. नुकतीच बनवलेली फाइल जेमतेम दोन एमबीची असते आणि आत लिहिले जाईल तशी एकेका एमबीच्या तुकड्याने वाढते. डीटीपीच्या कामासाठी वाढता प्रकारच योग्य. त्याची एक खोड आहे: आतल्या फायली पुसल्या तरी बाहेरची फाइल लहान होत नाही, कारण आतल्या विंडोजने एखादी जागा मोकळी केली हे व्हर्च्युअलबॉक्सला आपोआप समजत नाही. जागा परत मिळवायची तर आतली मोकळी जागा शून्यांनी भरणारे एखादे साधन चालवून, मशीन बंद करून, ‘व्हीबॉक्समॅनेज’ या आज्ञावलीतून फाइल आटवावी लागते. ही सोय मुख्य खिडकीत, एका बटणावर असायला हवी होती. इतक्या वर्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये सामान्य वापरकर्त्याला अशा कामासाठी काळ्या खिडकीत आज्ञा टंकायला लावणे मला पटत नाही.

स्नॅपशॉट ही या सॉफ्टवेअरची सर्वांत उपयोगी आणि सर्वांत गैरसमज असलेली सोय आहे. स्नॅपशॉट घेतला, की मूळ डिस्क-फाइल त्या क्षणाला गोठते आणि त्यापुढचे सगळे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. नवा फॉन्ट चढवून पाहायचा असेल, एखादा संशयास्पद सेटअप चालवायचा असेल, तर आधी स्नॅपशॉट घ्यावा. बिघडले तर मागे जाता येते. पण स्नॅपशॉटला बॅकअप समजून निर्धास्त राहणे ही मोठी चूक ठरते. बदलांची फाइल मूळ फाइलीवाचून निरर्थक असते आणि दोन्ही एकाच डिस्कवर असतात, त्यामुळे डिस्क गेली की सगळेच जाते. उलट बाजूने, बॅकअप म्हणून फक्त मोठी व्हीडीआय फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकली, तर स्नॅपशॉट घेतल्यानंतरचे सगळे काम मागेच राहते. तेव्हा बॅकअप घेताना मशीन पूर्ण बंद करावे, झोपवून ठेवू नये, आणि त्या मशीनचा सबंध फोल्डर उचलावा. जुने स्नॅपशॉट काढायचे असतील ते व्हर्च्युअलबॉक्सच्या आतूनच काढावेत, म्हणजे बदल मूळ फाइलीत मिसळले जातात. फोल्डरमध्ये जाऊन त्या फायली हाताने पुसल्या तर मशीन उघडत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असल्यास चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्याच्यावर बसत नाही, म्हणून तो आधी एक्सफॅट करून घ्यावा.

ही फाइल एकाच सॉफ्टवेअरला बांधलेली नाही, ही मोठी जमेची बाजू. व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच्या व्हीडीआयखेरीज व्हीएमवेअरच्या व्हीएमडीके आणि मायक्रोसॉफ्टच्या व्हीएचडी या प्रकारांतही डिस्क ठेवू शकते, एका प्रकारातून दुसऱ्यात प्रत काढू शकते, आणि क्यूईमू हे याच कामाचे संपूर्ण खुले सॉफ्टवेअरही व्हीडीआय वाचते. उद्या व्हर्च्युअलबॉक्सचे काहीही झाले तरी लावलेली पाने अडकून पडणार नाहीत.

वेगाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. एसएसडी असलेल्या साध्या लॅपटॉपवरही एक्सपी झटपट उघडते. त्यासाठी प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवण्याची, सोय बायोस या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये चालू असावी लागते, ६.१ या आवृत्तीपासून तिच्याशिवाय व्हर्च्युअलबॉक्स चालतच नाही. यजमान विंडोज असेल आणि मशीन विनाकारण रेंगाळत असेल, तर खिडकीच्या तळपट्टीकडे पाहावे. तिथे हिरवे कासव दिसले, तर मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या व्हर्च्युअलायझेशन-व्यवस्थेने प्रोसेसरची ती सोय आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत सावकाश काम करावे लागत आहे, असा त्याचा अर्थ. विंडोजमधील लिनक्सची दुसरी आवृत्ती, म्हणजे डब्ल्यूएसएल २, किंवा ‘मेमरी इंटेग्रिटी’ हा सुरक्षा-पर्याय चालू असला तरी हेच घडते. लिनक्सवाल्यांची अडचण निराळी आहे: कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.१२ पासून त्यातला केव्हीएम हा व्हर्च्युअलायझेशनचा भाग चढताक्षणीच ती सोय ताब्यात घेतो आणि व्हर्च्युअलबॉक्स मशीन सुरू करण्यास नकार देऊ शकते. केव्हीएमचे मोड्यूल उतरवले किंवा कर्नलला तशी सूचना दिली की मार्ग मोकळा होतो. सही नसलेले सॉफ्टवेअर रोखणारे सिक्युअर बूट चालू असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या कर्नल-मोड्यूलवर स्वतःची सही करून ती किल्ली संगणकाला ओळखायला लावावी लागते. हे सारे करता येते, पण कचेरीत जाणकार नसेल तर यजमान म्हणून विंडोजच बरी.

नव्या सिस्टिमांसाठीही ७.० ने चांगली तजवीज केली आहे. २०२२ च्या त्या आवृत्तीपासून पाहुण्या मशीनला आभासी टीपीएम (सुरक्षा-चिप) आणि सिक्युअर बूट देता येते, म्हणून विंडोज ११ आडवाटेने न जाता चढते. परंतु तिला किमान चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी डिस्क लागते, आणि आठ जीबी रॅमच्या संगणकावर यजमान आणि पाहुणी दोघींचीही ओढाताण होते. त्रिमितीय खेळ, व्हिडिओ-संपादन, जड ग्राफिक्स यांसाठी व्हर्च्युअलबॉक्स घेऊच नये; त्याचे आभासी ग्राफिक्स कार्ड त्या वजनाचे नाही.

परवान्याची बाजू व्यवसाय करणाऱ्यांनी नीट वाचावी. मूळ पॅकेज जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे आणि कचेरीतही विनामूल्य वापरता येते. त्याच्याबरोबर वेगळे मिळणारे ‘एक्स्टेन्शन पॅक’ मात्र वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरतेच मोफत आहे; व्यवसायासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. पूर्वी वेगवान यूएसबीसाठी ते पॅक लागायचे, ७.० पासून ती सोय मूळ पॅकेजमध्ये आली, त्यामुळे छापखान्याला किंवा प्रकाशकाला त्याची सहसा गरज उरलेली नाही. सवयीने ते चढवू नये. पाहुण्या विंडोजचा आणि तिच्यातल्या सॉफ्टवेअरचा परवाना तर आपलाच असला पाहिजे, आणि संगणकाबरोबर आलेली ओईएम विंडोज त्या संगणकापुरतीच असते, हेही ध्यानात घ्यावे.

पर्यायांपैकी व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे २०२४ च्या अखेरीपासून सर्वांसाठी मोफत झाले आहे आणि त्याचे ग्राफिक्स सरस आहे, पण त्याचा स्रोत बंद आहे. विंडोजमध्ये फक्त लिनक्सच हवे असेल, तर डब्ल्यूएसएल २ पुरे. तेही आतल्या आत व्हीएचडीएक्स प्रकारची एक डिस्क-फाइलच वापरते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवरचे मॅक ज्यांच्याकडे आहेत त्यांना मात्र व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी चालवता येणार नाही, कारण तिथे ते केवळ आर्म प्रकारच्या प्रोसेसरसाठीच्या सिस्टिमा चालवते. त्यांनी क्यूईमूवर बांधलेले यूटीएम पाहावे आणि संथपणा गृहीत धरावा.

जुन्या संगणकाची सबंध डिस्कच व्हीएचडी फाइलीत उतरवून ती थेट व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडण्याची पद्धतही आहे, परंतु एक्सपी आपल्या जुन्या मदरबोर्डाचे ड्रायव्हर शोधत राहते आणि बहुधा सुरू होतानाच निळ्या पडद्यावर अडते. ते दुरुस्त करण्याच्या खटपटीपेक्षा एक्सपी कोरी चढवून फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मूळ सीड्यांवरून घालणे मला अधिक निर्धोक वाटते. तयार झालेल्या मशीनचा फोल्डर दुसऱ्या एखाद्या संगणकावर नेऊन तिथे सुरू करावा, एक जुने पुस्तक पेजमेकरमध्ये उघडून त्याच्या काही पानांच्या पीडीएफ काढाव्यात, आणि छापील प्रत शेजारी ठेवून ओळी तिथेच तुटतात का, जोडाक्षरे तशीच बसली आहेत का, पानांचे आकडे जुळतात का, हे ताडून पाहावे. फॉन्टाची आवृत्ती वेगळी पडली असेल, तर ती इथेच उघडकीस येते. एवढे जुळल्यावर जुना संगणक मोडीत काढण्यास हरकत नाही, आणि काढतानाही त्याची हार्डडिस्क मात्र खोलून आपल्याकडे ठेवावी.